सात वारांची पोर

आगाशेबाई बुरूड गल्लीत शिरल्या तेव्हा मी गोजरमावशीच्या खोलीत कोंडलेली होते. बाहेरून कडी.

"मावशे, कडी काढ. मला त्यांच्याशी बोलायचंय."

"गप बस. बोलावल्याबिगर भाईर पाय टाकायचा न्हाई. सकाळधरनं चारदा नाक्यावर जाऊन आलीस, उन्हानं तोंड बघ कसं झालंय. पुण्याची बाई काय म्हनंल?"

"अगं, महत्त्वाचं आहे."

"तुझं म्हत्त्वाचं नंतर. आमी हाय न्हवं बोलायला?"

हाय न्हवं! तीच तर भीती होती. मी दाराच्या फटीला डोळा लावला. अंगात मावशीच्या भाचीचं उसनं परकर-पोलकं, केसांना इतकं तेल की कानामागून ओघळत होतं. बाहेर गल्लीच्या मधोमध भैरूअण्णांनी स्वतःची लोखंडी खुर्ची मांडली होती, तिच्यावर चादर घातली होती. अण्णा गल्लीतले वडीलधारे, त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्या दिवशी त्यांनी लग्नातला फेटा बांधला होता. हौसाक्काच्या घरातून शिऱ्याचा वास येत होता. एरवी दोन्ही बाजूंना बांबूच्या कामट्यांचे ढीग आणि अर्धवट सुपं पडलेली असायची, तिथं सडा घातलेला होता. कराडच्या आमच्या गल्लीत इतकी स्वच्छता मी पाडव्यालाही पाहिली नव्हती.

मुलगी बघायला पाहुणे येणार असावेत, तशी सगळी तयारी. आणि चूक माझी होती. सगळी चूक माझीच होती.

मी चार वर्षांची असताना बांबूंनी भरलेला ट्रक घाटात उलटला, त्यात माझा बाप गेला. सहा महिन्यांत आई काविळीनं गेली. जवळचं कुणी पुढं आलं नाही, कारण नव्हतंच कुणी. मग गल्लीनं मला वार लावून दिले. सोमवारी हौसाक्काकडे जेवायचं, गुरुवारी शेवंताकाकीकडे, शनिवारी अण्णांच्या घरी. सात घरं, सात वार. झोपायला मात्र रोज गोजरमावशीकडे. ती एकटीच होती, नवरा केव्हाच सोडून गेलेला, मूलबाळ नाही. तिचा वार रविवारचा, पण बाकीचे सहा दिवसही मी परत आले की विचारायची, "पोटभर घातलं का गं त्या भवानीनं?" आणि उत्तराची वाट न बघता भाकरीचा तुकडा पुढं करायची.

आणखी एक गोष्ट गल्लीनं ठरवली होती. मी पहिलीत असताना पाढे धडाधड म्हणून दाखवले, तेव्हा अण्णा म्हणाले, "ही आपली शिकनारी पोर. हिच्या हातात कोयती द्यायची न्हाई." झालं! बुरुडाच्या घरची पोरं सहाव्या वर्षी कामट्या सोलतात, दहाव्या वर्षी सूप विणतात. मी सोळाची झाले, दहावीला शाळेत पहिली आले, पण मला तांदूळ धुवायच्या साध्या रोवळीचं बूडसुद्धा घालता येत नव्हतं. कामटीला नुसता हात लावला की कुठल्या तरी दारातून आरोळी यायची, "ठेव ती! बोटं चिरतील, मग लिवशील कशानं?"

उबाळे सरांनी पुण्याच्या एका वसतिगृहाचा फॉर्म आणला. राहणं, जेवण, बारावीपर्यंत शिक्षण आणि मार्क पडले तर पुढचंही. फॉर्मच्या डोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'अनाथ व निराधार मुलींसाठी'. सरांनी भरला, मी सही केली. 'आई मयत, वडील मयत, अन्य नातेवाईक नाहीत.' संध्याकाळी गल्लीत आले तर सगळ्या बाया ओट्यावर बसलेल्या.

"कसलं गं हाय ते वसतिगृह?" शेवंताकाकीनं विचारलं.

मी तोंड उघडलं, आणि तो शब्द काही बाहेर पडेना. ज्यांच्या ताटात बारा वर्षं जेवले, त्यांच्यासमोर कसा म्हणू? म्हणाले, "हुशार मुलींचं."

मग काय, गल्ली हुशार मुलीची गल्ली होऊन बसली. चौकशीला बाई येणार असं पत्र आलं, तेव्हा अण्णांनी सगळ्यांना बजावलं, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरीच्या मागं कुणी न्हाई असं दिसलं तर कुणीबी टपली मारून जाईल. भरपूर मानसं हायत असं दिसलं पायजे." उबाळे सर गावात असते तर त्यांनी निस्तरलं असतं, पण ते मेव्हणीच्या लग्नाला बार्शीला गेलेले.

फटीतून मला आगाशेबाई दिसत होत्या. चाळिशीच्या, सुती साडी, चपलांवर धूळ. त्या खुर्चीवर बसल्या, मांडीवर कागद ठेवले आणि मऊ आवाजात विचारलं, "केशर कुणाकडे राहते?"

"आमच्याकडंच की!" पाच आवाज एकदम.

"म्हणजे नक्की कुणाकडे?"

हौसाक्का पदर खोचून पुढं झाली. "माझ्या नंदंची पोर हाय ती. रक्ताची."

"अच्छा." बाईंनी लिहून घेतलं.

शेवंताकाकी मागं कशी राहील? "आन् माझ्या चुलत सासऱ्याची नात लागती. तिच्या बारशाला म्याच घुगऱ्या वाटल्या."

"मी सख्खा चुलता," अण्णा फेटा सावरत म्हणाले. "ह्या गल्लीत जे काय हाय ते पोरीचंच समजा. तिला कशाची कमी न्हाई."

मी दारावर थाप मारली. "मावशे!" कुणी लक्ष दिलं नाही.

आगाशेबाई कागद चाळत होत्या. "पण फॉर्मवर तर आई मयत लिहिलंय."

तेव्हा गोजरमावशी पुढं आली. मावशी काटकुळी, उंच, बोलायला फटकळ. तिनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "कुनाची आई मयत? ही बगा जित्ती हुबी हाय तुमच्यापुढं. म्या जल्म दिलाय तिला."

गल्लीनं माना डोलावल्या. एकाही माणसाला त्यात खोटं बोलल्यासारखं वाटलं नसणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हातही इतके, की मोजता मोजता बाईंचा कागद भरला.

"मुलीला बोलवा," त्या म्हणाल्या.

कडी निघाली. मी बाहेर आले. उन्हानं डोळे दिपले. बाईंनी मला जवळ घेतलं आणि सगळ्यांच्या देखत विचारलं, "केशर, खरं सांग हं बाळ. ही सगळी तुझी कोण?"

आता सांगा, काय म्हणायचं? समोर हौसाक्का शिऱ्याची वाटी घेऊन उभी. शेवंताकाकी हसून मानेनं खुणावतेय, बोल की. मावशी माझ्या केसांतून ओघळलेलं तेल पदरानं टिपतेय. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं. मी खाली मान घालून अंगठ्यानं सडा उकरत राहिले.

आगाशेबाईंनी जरा वेळ वाट पाहिली. मग कागद पिशवीत घातले. "माझी गाडी चारला आहे. तोवर मी नगरपालिकेच्या शाळेत ऑफिसात बसलेय. काही सांगायचं राहिलं असेल तर या." दोन पावलं गेल्या आणि वळून म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे हो तुमची."

'तुमची' ऐकून गल्ली खूश झाली. अण्णांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "जमलं म्हनायचं!"

"जमलं नाही," मी म्हणाले.

"का गं?"

"मी खोटं सांगितलं तुम्हाला. ते हुशार मुलींचं वसतिगृह नाही. अनाथ मुलींचं आहे. ज्यांना कुणी नाही त्यांनाच घेतात."

शिऱ्यावर माशी बसली तरी हौसाक्काचा हात हलला नाही.

"सात घरचं खाऊन अनाथ?" ती म्हणाली. "आगं, काल माझ्या हातची आमटी दोनदा मागून घेतलीस, तवा न्हाई वाटलं अनाथ?"

"अक्का, तसं नाही गं. ती कागदावरची गोष्ट आहे."

"कागदावर लिवलंस न्हवं? तूच सही केलीस न्हवं?"

मी रडायला लागले, आणि रडता रडता मला रागही आला. इतका राग की पाय आपटला. "मग काय करू? इथं राहू? मला सूप विणता येत नाही, अक्का! तुम्ही विणू दिलं नाही. मला टोपली येत नाही, रोवळी येत नाही, काहीच येत नाही. फक्त शिकता येतं, आणि ते इथं होत नाही. तुम्हीच ठेवलीत मला अशी!"

मग अण्णा हळूच म्हणाले, "पोरीचं खरं हाय."

त्यानंतर सगळं भराभर ठरलं. जाऊन सांगायचं, आम्ही मायेपोटी बोललो, नातं काही नाही. हौसाक्का डोळे पुसत तयार झाली. शेवंताकाकी तयार झाली. अण्णांनी फेटा घरात ठेवला आणि टोपी घातली. पण गोजरमावशी तिच्या ओट्यावर जाऊन बसली होती. पुढ्यात बांबू, हातात कोयती. कामट्या पाडायला लागली.

"गोजरे, तू म्हनालीस जल्म दिलाय," अण्णा म्हणाले. "बाकी कुनी काय बी सांगितलं तरी तुझ्याबिगर हुनार न्हाई."

"जावा तुमी. म्या न्हाई येनार."

"मावशे," मी म्हणाले.

"ह्या थोबाडानं म्या ते म्हननार न्हाई. फुडं बोलू नगंस."

तीन वाजले. शेजारच्या पिठाच्या गिरणीतलं घड्याळ दारातून दिसायचं, त्यामुळे वेळ मला नको असताना कळत होती. सव्वातीन. बाकीचे सगळे टोपी-पदर सावरून उन्हात उभे. मावशीची कोयती चाललेली. एरवी तिच्या कामट्या सगळ्या एका जाडीच्या निघायच्या, त्या दिवशी एकही धड निघेना. एक तुटली, तिनं फेकली. दुसरी तुटली. मी तिच्या पायाशी बसले होते. विनवायचं धाडस नव्हतं आणि उठायचंही नव्हतं.

"ते म्हटल्याबिगर घेनारच न्हाईत?" तिनं मान वर न करता विचारलं.

"नाही."

"एकदाच म्हनायचं, का दरसाली म्हनायला लागतंय?"

"एकदाच."

"नक्की?"

"नक्की गं, मावशे."

तिनं कोयती खाली ठेवली, लुगडं झटकलं आणि चालायला लागली. चपला घालायचं तिच्या लक्षात आलं नाही. आम्ही सगळे तिच्या मागून.

शाळेच्या ऑफिसात आगाशेबाई पिशवी भरून बसल्या होत्या. हौसाक्कानं सांगितलं, शेवंताकाकीनं सांगितलं, अण्णांनी हात जोडून सांगितलं. बाई प्रत्येकाचं ऐकून मान हलवत होत्या. मग मावशीकडे वळल्या. "आणि तुम्ही? मघाशी तुम्ही जन्म दिला म्हणालात."

मावशी भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होती. "बोलून गेले. शेजारी ऱ्हाती, लळा लागला."

"नातं?"

"कुनी न्हाई ती माझी."

"आणि तिला दुसरं कुणी?"

"तिला कुनी न्हाई."

दारात उभं राहून मी हे ऐकलं. हवं होतं तेच ऐकलं.

बाईंनी तीन ओळी लिहिल्या, वाचून दाखवल्या, आणि मावशीचा अंगठा घेतला. मग म्हणाल्या, "मला सगळं कळतंय हो. पण आमच्याकडे एका जागेला तीस-तीस मुली आहेत. उद्या कुणी नातेवाईक निघाला तर जागा दुसरीला द्यावी लागेल. एवढं लक्षात असू द्या."

"असंल लक्षात," मावशी म्हणाली. तिनं अंगठ्याची शाई लुगड्याला पुसली आणि कुणाची वाट न बघता घरी गेली.

पुढचे वीस दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेव, नीज, उठ. रोजचा भाकरीचा तुकडा देत होती, पण "पोटभर घातलं का गं?" विचारत नव्हती. मी निघाले त्या दिवशी अख्खी गल्ली एसटी स्टँडवर आली, हौसाक्कानं तर कंडक्टरलाच शपथ घातली की पोरीला पुण्याला हात धरून उतरव. मावशी आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

मी शिकले. बारावी, मग बीएस्सी, बीएड. एकतीस वर्षं गणित शिकवलं, मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. मला कुणी विचारलं तर मी सांगते की मला बुरूड गल्लीनं शिकवलं, आणि ते शंभर टक्के खरं आहे. मावशी शेवटची नऊ वर्षं माझ्या घरी होती, माझ्या नवऱ्याशी रोज भांडायची, माझ्या पोरांना सांभाळायची. आम्ही दोघी सगळ्या जगाबद्दल बोललो. पण एका दुपारबद्दल कधीच बोललो नाही, आणि ती शाळेच्या ऑफिसातली दुपार नव्हे.

वसतिगृहात मला सात महिने झाले होते. जानेवारीतला रविवार. पहारेकरी आत आला आणि म्हणाला, "केशर कोण? मघाशी एक बाई येऊन गेली. तासभर फाटकासमोर उभी होती. भेटायचंय का विचारलं, तर हो म्हणाली. वहीत लिहायला नातं विचारलं, तर म्हणाली कुणी नाही. नातं नसलं तर सोडता येत नाही म्हटलं, तर म्हणाली बरोबर आहे तुमचं, आणि गेली."

"कशी होती?"

"उंच. वाळकी."

एकटीनं बाहेर जायची परवानगी नव्हती, म्हणून मी माझ्या खोलीतल्या विमलला ओढत नेलं. सांगितलं, गावाकडचं एक माणूस आलंय, निरोप द्यायचाय. स्वारगेटपर्यंत आम्ही जवळजवळ धावत गेलो. दोघींच्या अंगावर वसतिगृहाची निळी साडी.

मावशी कराडच्या फलाटावर बाकड्यावर बसली होती. मला पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला, असा उजळला! मग तिला माझ्यामागून येणारी विमल दिसली. तिची साडी दिसली.

"मावशे..."

मावशीनं माझ्याकडे सरळ बघितलं. "कोन गं बाई तू?"

मी जागीच थांबले.

"चुकली असशील," ती म्हणाली. "माझं हितं कुनी न्हाई."

मी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. विमल गाड्यांच्या वेळांची पाटी वाचायला जरा पुढं गेली, तेव्हा मावशी समोर बघतच, ओठ न हलवता पुटपुटली, "हाडं निघाल्यात. जेवत जा. आन् पळत येऊ नगंस अशी, कुनी तरी बघंल आन् जागा जाईल." मी हात पुढं केला, तिनं तो हळूच ढकलला. तेवढ्यात गाडी लागली. ती उठली, गर्दीत धक्के देत चढली आणि खिडकीशी बसली.

विमल परत आली. तिनं खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी रडत होते. "कोण गं त्या? तुझ्या कोण लागतात?"

खिडकी हातभर अंतरावर होती. मावशीला ऐकू जात होतं. विमल काही वाईट मुलगी नव्हती, तिनं कुणाला सांगितलं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"कुणी नाही," मी म्हणाले.

खिडकीतून मावशीनं मान डोलावली. शाब्बास म्हणावं तशी. गाडी सुटेपर्यंत ती डोलावत होती.